पडद्यावरचा बर्फ, पंखावरचा बर्फ

घरच्या सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्या आमच्या वाचकांना एक गोष्ट खटकते : बर्फ खरा वाटत नाही. काच पांढुरकी होते, वेग घटतो, बटण दाबलं की संकट टळलं!

प्रत्यक्षात बर्फ वजनापेक्षा पंखाचा आकार बिघडवून जास्त घात करतो. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत इंडियानातल्या रोझलॉनजवळ एटीआर ७२ कोसळलं. सर्व ६८ जण गेले. शून्याखालीही न गोठलेले मोठे थेंब पंखाच्या पुढच्या कडेवरच्या फुगणाऱ्या रबरी पट्ट्यांच्या मागे जाऊन गोठले. त्या उंचवट्यामुळे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेवरची झडप) आपसूक फिरलं. तोवर ऑटोपायलट सगळं सावरत होता, त्यामुळे वैमानिकांच्या हाताला काही जाणवलंच नाही. सिम्युलेटरमध्ये नेमकं हेच उतरवणं अवघड, कारण तो मिळालेल्या आकडेवारीपुरताच शहाणा असतो. आणि बर्फाचा आकार दर ढगात वेगळा.

म्हणून या अंकात ग्राफिक्सची चर्चा आम्ही मुद्दाम आवरती घेतली आहे. भर आहे तो हाताला काय कळतं आणि काय कळत नाही यावर. तुम्ही वैमानिक असा वा हौशी, तुमचा अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा. मतभेद असतील तर आधी पाठवा.