खरे सांगण्यात कमीपणा कसला?

वेलिंग्टन शहरातून आमच्या जॉन्सनव्हिलला येणारी विजेची गाडी डोंगर चढून आली, की अखेरच्या टप्प्यात ‘सिमला क्रेसेंट’ नावाचे स्टेशन लागते आणि पुढे ‘खंडाला’. हिंदुस्थानात वास्तव्य केलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी आपल्या बोरघाटातील खंडाळ्याची आठवण म्हणून हे नाव ठेवले, असे सांगतात. नवीन आलेल्या प्रत्येक पाहुण्यास आम्ही ही पाटी कौतुकाने दाखवितो. माणूस समुद्रापार जातो तेव्हा आपल्या गावाची नावे, भाषा, सणवार आणि चिंचेच्या आमटीची चव बरोबर नेतो, हे त्यावरून सहज पटते. परंतु माणसाबरोबर आणखीही काही प्रवास करते. त्याचे ओझे लागत नाही, की विमानतळावर कोणी ते उघडून पाहत नाही. आज त्याविषयी लिहावयाचे आहे. प्रारंभ मात्र आमच्या स्वतःच्या एका चुकीपासून करणे आम्हांस भाग आहे.

आमच्या मावशी सत्तरी ओलांडलेल्या. मायदेशी गेल्या असता तेथील एका रुग्णालयात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे ताप आला आणि मुक्काम लांबला. सलाईन, लघवीची नळी, जबर औषधे, सारे काही झाले. पण बाई सुखरूप परतल्या. तीन महिन्यांनी येथे थंडी वाजून ताप भरला, तेव्हा त्यांना इकडील रुग्णालयात दाखल करावे लागले. दाखल करून घेताना परिचारिकेने विचारले, “गेल्या वर्षभरात परदेशातील रुग्णालयात राहिला होता काय?” मावशींना इंग्रजी बेताचे. उत्तर आम्ही दिले, आणि ते होते, “नाही.”

असे का सांगितले? तेथली शस्त्रक्रिया बिघडली म्हणून येथे फुकट उपचारास आल्या, असे कोणी म्हणेल, ही भीती मनात होती. आपल्या देशाला नावे ठेवली जातील, हा संकोच होता. ज्याने तीस वर्षे वर्गात मुलांना ‘खरे बोलावे’ हे शिकविले, त्याच्या तोंडून एका क्षणात खोटे निघाले. मावशींना चार खाटांच्या खोलीत जागा मिळाली. तिसऱ्या दिवशी लघवीच्या तपासणीत जो जंतू निघाला, तो नेहमीच्या बहुतेक औषधांना दाद देणारा नव्हता. डॉक्टरांनी शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि आम्ही खरे काय ते सांगितले. मग मावशींना स्वतंत्र खोलीत हलविण्यात आले. आत येणारा प्रत्येक जण गाऊन व हातमोजे घालून येऊ लागला. खोलीतील उरलेल्या तिघी वृद्ध स्त्रियांच्याही तपासण्या कराव्या लागल्या. आदल्याच दिवशी त्यांतील एकीला आम्ही घरून नेलेली द्राक्षे दिली होती. दैवयोगाने तिघींच्या तपासण्या निर्दोष आल्या आणि शिल्लक राहिलेल्या एका औषधाने मावशीही बऱ्या झाल्या. परंतु निकाल येईपर्यंतचे ते दिवस आम्ही विसरलेलो नाही.

हे प्रकरण नीट समजून घ्यावे म्हणून आम्ही पुष्कळ वाचन केले. अध्यापनशास्त्र शिकताना आम्हांस ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र शिकविले होते. त्याच रीतीने येथे सांगतो. एक जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दोन होतो. म्हणजे एका रात्रीत त्याच्या पिढ्यानपिढ्या होतात. एवढ्या नकला काढताना कोठेतरी चूक होते, आणि लाखांतील एखादी चूक त्या जंतूला औषधापासून वाचविणारी ठरते. औषध बाकीच्यांना मारते आणि मैदान त्या एकाला मोकळे करून देते. पण गोष्ट येथेच थांबत नाही. परीक्षेच्या वर्गात एका बाकावरील मुलगा दुसऱ्या बाकावर उत्तराची चिठ्ठी सरकवितो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जंतूंजवळही अशा चिठ्ठ्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना प्लास्मिड म्हणतात. एका जातीचा जंतू भिन्न जातीच्या जंतूलाही ही चिठ्ठी देऊ शकतो. एका चिठ्ठीवर चार-पाच औषधांची उत्तरे एकत्र लिहिलेली असू शकतात.

रुग्णालय हे अशा देवाणघेवाणीस फार सोयीचे ठिकाण. तेथे दुबळी माणसे एकत्र असतात, औषधांचा मारा सतत असतो, आणि नळ्या, सुया व जखमा यांच्या वाटे जंतूंना शरीराची दारे उघडी मिळतात. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. असा जंतू धडधाकट माणसाच्या आतड्यांत महिनोन् महिने काहीही त्रास न देता राहू शकतो. ज्याच्या अंगी तो आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो. शेजारच्या खाटेवरील अशक्त रुग्णाच्या रक्तात तोच शिरला, तर प्राणावर बेतते.

हे संकट नवे नाही. पेनिसिलिन अद्याप सर्वसामान्यांच्या हाती आलेही नव्हते, तेव्हा १९४० साली ऑक्सफर्ड येथे अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारा पदार्थ जंतूंपाशी असल्याचे दाखवून दिले होते. हे चेन म्हणजे १९३३ साली जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले यहुदी शास्त्रज्ञ, आपल्यासारखेच स्थलांतरित. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ आपल्या मनाने थोडेसे पेनिसिलिन विकत घेऊन खातो. जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. त्यांची लागण त्याच्या पत्नीला होते आणि औषध निकामी ठरून ती दगावते. आपल्या बॅगेतील गोळ्यांची पाकिटे पाहिली की आम्हांस हा गृहस्थ आठवतो.

न्यूझीलंडनेही हे भोगले आहे, आणि तेही आपल्यापैकी फारसे कोणी येथे नसताना. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथील प्रसूतिगृहांत पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू पसरला. लोक त्याला ‘एच-बग’, म्हणजे रुग्णालयाचा जंतू, म्हणत. तान्ह्या बाळांच्या अंगावर पुवाळलेले फोड येत, बाळंतिणींच्या स्तनांत गळवे होत, आणि आईबाळाबरोबर तो जंतू घरी जाऊन कुटुंबातही शिरे. सर्व बाळांना एका दालनात ओळीने ठेवण्याची पद्धत सोडून बाळाला आईजवळच ठेवावे, या मागणीला त्यामुळे मोठे बळ मिळाले. पुढे ब्रिटनमधील रुग्णालयांत ओळखली गेलेली अशाच जंतूची एक जात या शतकाच्या आरंभी येथील रुग्णालयांत पसरली. तेव्हा ‘हा सारा कचरा पूर्वेकडून येतो’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

परंतु तेवढ्यावरून आपण हात झटकून मोकळे व्हावे काय? २००८ साली स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या तपासणीत एक नवे प्रतिरोधी द्रव्य सापडले. तो आधी नवी दिल्लीत रुग्णालयात राहून आला होता, म्हणून त्या द्रव्याच्या नावात नवी दिल्ली आली. अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम वर्गातील औषधे हे द्रव्य निकामी करते. २०१० च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’च्या मासिकात त्याच्या प्रसाराविषयी लेख आला, तेव्हा भारतात मोठा गदारोळ झाला. शहराचे नाव रोगाला चिकटविले, हा परदेशी रुग्णांना घाबरविण्याचा डाव आहे, असे म्हटले गेले. नावाविषयीची तक्रार आम्हांसही पटते. पण त्याआधीच, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतातील वैद्यकीय नियतकालिकात स्वतः होऊन सांगितले होते की, २००९ मधील तीन महिन्यांत त्यांच्याकडे आढळलेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिरोधी जंतूंपैकी २२ जंतूंत हेच द्रव्य होते. आपल्याच मुंबईच्या डॉक्टरांनी खरे सांगितले आणि त्यात कमीपणा मानला नाही. आम्हांस अभिमान वाटतो तो याचा.

त्यानंतरची गोष्ट आमच्या दारातली आहे. वेलिंग्टनचा एक शिक्षक व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवीत असता २०१३ च्या जानेवारीत त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेथे शस्त्रक्रिया होऊन त्याला वेलिंग्टन रुग्णालयात आणले. तपासणीत त्याच्या अंगी असा जंतू निघाला, की ज्यावर तेथील जंतुशास्त्रज्ञांना ठाऊक असलेले एकही औषध चालेना. आयुष्याचे अखेरचे महिने त्याने इतरांपासून वेगळे राहून काढले आणि जुलैमध्ये पक्षाघाताच्या गुंतागुंतीने तो वारला. तो ना भारतीय होता ना गरीब. तो आमच्याच पेशातला, आमच्याच शहरातला माणूस होता. त्याची तपासणी वेळीच झाली म्हणून शेजारच्या रुग्णांचे रक्षण करता आले, हे ध्यानात घ्यावे.

२०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषध-प्रतिरोधामुळे झाले, आणि ज्यात त्याचा काही ना काही संबंध होता असे मृत्यू जवळजवळ ५० लाख होते. आपल्यापैकी पुण्याकडच्या मंडळींना पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आठवत असेल. १९५४ साली स्थापन झालेला हा कारखाना म्हणजे स्वतंत्र भारताने घरचे पेनिसिलिन करण्याची धरलेली जिद्द होती. एवढ्या कष्टाने मिळविलेली वस्तू आपण सर्दी-पडशावर उधळीत आहोत. सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यावर या औषधांचा काडीइतका उपयोग नाही.

कोणी म्हणतील, दोष रुग्णालयांचा, सरकारांचा, कोंबड्यांना औषधे चारणाऱ्यांचा आणि सांडपाणी नदीत सोडणाऱ्या कारखान्यांचा. आम्ही चार घरची माणसे काय करणार? हा आक्षेप खोटा नाही. तिकडे तपासणीचे पैसे परवडत नाहीत म्हणून माणूस केमिस्टकडून गोळी घेतो, आणि इकडे डॉक्टरची भेट लांबते व तिची फीही जाणवते, म्हणून तो बॅगेतली गोळी काढतो. गरजेपोटी केलेल्या गोष्टीला आम्ही आळस म्हणणार नाही. तथापि दुसऱ्याचा दोष मोठा आहे म्हणून आपला नाहीसा होत नाही. आमच्या हातून जे घडले ते सरकारने केले नव्हते. एका ‘नाही’ने तीन निष्पाप स्त्रियांना धोक्यात घातले होते.

म्हणून आपल्या कुटुंबांना आमची तीन मागणी आहेत. पहिले, परदेशातील रुग्णालयात राहिल्याचे विचारले तर खरे सांगावे; न विचारले तरी आपण होऊन सांगावे. तो प्रश्न आपल्या रंगाविषयी वा पासपोर्टाविषयी नसतो. लंडनहून आलेल्या गोऱ्या रुग्णालाही तो विचारला जातो. घरातील वडीलधाऱ्यांच्या वतीने जे दुभाष्याचे काम करतात, त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक आहे. तिकडून येताना शस्त्रक्रियेचे व तपासणीचे कागद जरूर आणावेत.

दुसरे, प्रतिजैविक औषधांचे साठे बॅगेतून आणू नयेत, आणि आणलेच असतील तर शेजारीपाजारी वाटू नयेत. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यावे. आपल्या मनाने कमी करू नये आणि आपल्या मनाने वाढवूही नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी जपून न ठेवता केमिस्टकडे परत द्याव्यात.

तिसरे, आजाऱ्यास भेटावयास जाणे ही आपली जुनी रीत, आणि ती सोडा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण खोलीत शिरताना व बाहेर पडताना हात धुवावेत. खाटेवर बसू नये, नळ्यांना व पट्ट्यांना हात लावू नये, आणि एका रुग्णाजवळून उठून तसेच दुसऱ्याकडे जाऊ नये. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ साली हात धुण्याचा आग्रह धरला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. हा उपाय तेव्हाही स्वस्त होता आणि आजही आहे.

स्वतंत्र खोलीत हलविल्यावर मावशींनी आम्हांस विचारले होते, “मला वाळीत टाकलंय का?” त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. आज सुचते. वाळीत टाकतात ते माणसाला. येथे दाराबाहेर अडविले होते ते जंतूला. गाऊन घालून का होईना, परिचारिका दिवसातून अनेकदा त्यांच्याजवळ येत होत्या, त्यांचा हात हातात घेत होत्या. त्या आठवड्यात दूर ठेवण्यासारखे काही असेलच, तर ते आमचे खोटे होते.