जागल

माणसाने आयुष्यात एकदा तरी मोकळा सिंह पाहावा, असे आमच्या चिरंजीवांचे मत आहे. मी लहानपणी नागपूरच्या महाराजबागेत पाहिला होता. पण तो पिंजऱ्यातला, म्हणून हिशेबात धरायचा नाही म्हणे. चिरंजीव जोहान्सबर्गला नोकरीस आहेत. त्यांनी दोन तिकिटे पाठवली आणि गेल्या वर्षी ऑगस्टात आम्ही उभयता कळमेश्वरहून निघून दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या थेट उत्तर टोकाला, पाफुरीला, जाऊन पोहोचलो.

‘तंबूत राहायचे आहे’ एवढेच कळल्यामुळे सौ.ने दोन चादरी, सुतळी आणि मेणबत्त्या बांधून घेतल्या होत्या. तंबू पाहताच ती दाराशीच थबकली. खाली लाकडी फळ्यांची जमीन, ऐसपैस पलंग, आत न्हाणीघर आणि समोर नदी! “अहो, याला तंबू म्हणायचे, तर आपल्या घराला काय म्हणायचे?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पहाटे चहा देऊन उठवीत. उघड्या जीपमध्ये बसलो की मांडीवर घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी ठेवीत. संध्याकाळी नदीकाठी टेबल मांडून सरबत देत. एका रात्रीचे भाडे कळले, तेव्हा मात्र तो चहा मला जरा कडू लागला. आम्ही हत्ती पाहिले, रानरेडे पाहिले, गोरखचिंचेची अजस्र झाडे पाहिली. सिंह तेवढा दिसला नाही. एका रात्री लांबून त्याची डरकाळी ऐकू आली आणि आम्ही दोघे पहाटेपर्यंत टक्क जागे राहिलो.

हे उद्यान 1926 साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र 19,000 चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपले जवळजवळ दोन नागपूर जिल्हे! आमचा वाटाड्या तिथल्याच माकुलेके समाजाचा होता. लिंपोपो आणि लुवुव्हू या दोन नद्यांमधली ही जमीन त्याच्या आजोबा-पणजोबांची. 1969 साली वर्णभेदी सरकारने ती उद्यानात घेण्यासाठी गावेच्या गावे उठवली. लोकांना स्वतःच्याच हातांनी आपल्या झोपड्या पेटवायला लावले, असे जुनी माणसे सांगत. पुढे राज्य पालटले आणि 1998 साली जमीन त्यांना परत मिळाली. पण त्यांनी तिथे पुन्हा नांगर धरला नाही. रान रानच ठेवायचे आणि तंबूवाल्यांकडून भाडे व नोकऱ्या घ्यायच्या, असे ठरवले. “तुम्ही आमचे पाहुणे आहात,” असे तो म्हणे, तेव्हा त्याच्या बोलण्यात चाकराची अदब नव्हती. घरधन्याचा थाट होता.

घरी परतल्यावर फोटो दाखवण्याचा कार्यक्रम झाला. शेजारचे बापू आले होते. गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग, शिवाय सोयाबीन आणि तूर. हत्तींचा कळप त्यांनी निरखून पाहिला आणि म्हणाले, “काहो भाऊ, तिथं राती जागल कोन करते?”

मी त्या वाटाड्याला पन्नास प्रश्न विचारले होते. सिंह किती झोपतो, हत्ती किती खातो, सगळे विचारले. हा एक प्रश्न मात्र मला सुचलाच नव्हता. म्हणून मी माकुलेकेंची हकिगत सांगितली. बापूंनी ती लक्ष देऊन ऐकली.

“म्हंजे रान त्यायचं, अन् भाडंबी त्यायचं? मंग जागल गोड लागत असन.”

आपल्याकडे कोंढाळीच्या बाजूला बोरचे जंगल आहे. ते 1970 साली अभयारण्य झाले आणि 2014 साली व्याघ्रप्रकल्प. गाभा अवघा 138 चौरस किलोमीटरांचा. वाघ काही तेवढ्यात मावत नाही, आणि रोही व रानडुकरे तर अभयारण्याची पाटीही वाचत नाहीत. पीक गेले तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. पण जागरणाचा पंचनामा कोण करणार?

मला राहवेना. ऑक्टोबरात एका रात्री मी बापूंबरोबर मचाणावर गेलो. सौ.ने डब्यात चिवडा दिला. गरम पाण्याची पिशवी नव्हती. बापूंची घोंगडी होती. दोनदा डुकरे आली. बापूंनी डबा बडवला, एक फटाका उडवला, आणि आम्ही पुन्हा गप्प बसलो.

“वाघ आला तर बरं ना, बापू? डुकरं पळतील.”

“पळतील ना! पन मंग मलेबी पळा लागन.”

पहाटे डोळे चुरचुरत होते. सिंहासाठी जागलो होतो, तेव्हा एका रात्रीचे मोल चिरंजीवांनी भरले होते. बापू वर्षातून किती रात्री जागतात, हे मी त्यांना विचारले. त्यांनी हिशेब केला नव्हता.

यंदा चिरंजीव दिवाळीला येत आहेत. सिंह राहिला, म्हणून पुन्हा तिकिटांची गोष्ट काढतील. मी सांगणार आहे, “आधी एक रात्र बापूंच्या मचाणावर चल. मग ठरवू.”