मशीन आणाल हो, पण हिशेब कोण करणार?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. नवीन पार्टची ऑर्डर आली की आता बऱ्याच ठिकाणी धातूचा रस आधी कॉम्प्युटरवर ओतून बघतात. कुठे आधी गार होईल, कुठे पोकळी राहील, हे बघून मगच पुढचं काम.

कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या मशीनचंही तसंच आहे. लिनॅक म्हणतात ते मशीन म्हणजे एक छोटा पार्टिकल अॅक्सिलरेटरच. त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळवून जड धातूवर आपटतात आणि निघालेले एक्स-रे गाठीवर सोडतात. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने 'सिद्धार्थ' नावाचं असं देशी मशीन बनवलंय. असलं मशीन बनवायचं तर इलेक्ट्रॉनची वाट आधी कॉम्प्युटरवर मांडून बघावी लागते.

दवाखान्यात मशीन बसलं की दुसरा हिशेब सुरू होतो. किरण अंगात किती खोल जातील, गाठीला किती डोस बसेल, शेजारच्या फुप्फुसाला किती. हेही सॉफ्टवेअरच सांगतं. पण त्याआधी पाण्याच्या टाकीत किरणांची खरी मापं घेऊन ती त्यात भरावी लागतात. माप चुकलं की सगळंच चुकलं.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात हेच झालं. बारीक किरणांची मापं घेताना चुकीचं उपकरण वापरलं गेलं. 2004 ते 2009 या काळात 76 रुग्णांना ठरल्यापेक्षा सुमारे 50 टक्के जास्त डोस बसला. मशीन सुरू होतं, सॉफ्टवेअर सुरू होतं. पाच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. फाउंड्रीत माल रिजेक्ट झाला तर पुन्हा भट्टीत घालता येतो. इथं आत माणूस झोपलेला असतो.

हे काम बघणाऱ्याला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने तो लागतोच. आपल्या तालुक्यातले पेशंट कोल्हापूर, मिरज, मुंबईला हेलपाटे घालतात, पण हे पद किती जणांना माहीत आहे? नेतेमंडळी मशीनच्या किमतीचा आकडा सांगतात, फीत कापतात, फोटो काढतात. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी कुणी मशीनची घोषणा केली की तिथंच उभं राहून विचारा : साहेब, फिजिसिस्टची पदं किती मंजूर? भरली किती? मापं कोण तपासणार?

आणि एम.एस्सी. फिजिक्स करून घरी बसलेल्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी. मुंबईत बीएआरसीत याच विषयाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, त्यासाठी परीक्षा असते. 'जीअँट फोर' हे अशा कणांचा प्रवास मांडणारं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, घरच्या कॉम्प्युटरवरही चालतं. शिकायला सुरुवात करा. सॉफ्टवेअर फुकट मिळेल, ते जाणणारं माणूस मात्र आपल्यालाच तयार करावं लागणार.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.