‘उज्ज्वल निकम द्या’ म्हणण्याआधी

महाराष्ट्रात एखादा भयानक गुन्हा घडला की दोन-तीन दिवसांत मोर्चा निघतो. मोर्चाच्या निवेदनात तीन मागण्या ठरलेल्या असतात. आरोपीला फाशी द्या. खटला जलदगती न्यायालयात चालवा. आणि उज्ज्वल निकम यांना सरकारी वकील नेमा. २०१६मध्ये कोपर्डी, २०२०मध्ये आमच्या यवतमाळच्या शेजारचं हिंगणघाट, डिसेंबर २०२४मध्ये बीडमधलं मस्साजोग. तिन्ही खटल्यांत निकम नेमले गेले.

पहिल्या दोन मागण्यांवर भरपूर लिहून झालंय. मला तिसरीबद्दल बोलायचंय. कारण ती मागणी करताना आपण नकळत एक गोष्ट कबूल करत असतो : आपल्या जिल्ह्यात जो सरकारी वकील रोज कोर्टात उभा राहतो, त्याच्यावर आपला भरवसा नाही. आणि एवढी मोठी गोष्ट कबूल करूनही आपण त्याबद्दल काहीच करत नाही. एका माणसाला हेलिकॉप्टरसारखं बोलावतो, बातमी होते, आणि बाकीचे हजारो खटले होते तिथेच राहतात.

यवतमाळ जिल्हा बातमीत येतो तो शेतकरी आत्महत्यांमुळे, २०१७च्या फवारणीतल्या विषबाधेमुळे, फार तर २०१९च्या साहित्य संमेलनाच्या वादामुळे. पण इथल्या माणसाचं कोर्टाशी जे नातं येतं, ते वेगळ्याच गोष्टींतून. बोगस बियाणं विकणारा दुकानदार. व्याजात जमीन लिहून घेणारा सावकार. दारू पिऊन बायकोचं डोकं फोडणारा नवरा. धुऱ्यावरून झालेली मारामारी. यातले बहुतेक खटले तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर चालतात. तिथे फिर्यादीच्या बाजूने उभा असतो सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘एपीपी’. झरी-जामणीच्या कोलाम मजुराला निकम मिळणार नाहीत. त्याला एपीपीच मिळणार आहे.

पैसेवाला फिर्यादी सोबत स्वतःचा वकीलही देऊ शकतो. २००९च्या दुरुस्तीपासून कायद्याने ती सोय आहे. पण तो वकील सरकारी वकिलाला मदत करण्यापुरताच, खटला चालवायचा सरकारी वकिलानेच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये रेखा मुरारका प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणजे श्रीमंत असो की गरीब, गाडी याच एका माणसाच्या हातात. आणि गरिबाकडे तर दुसरं कोणीच नाही.

हा माणूस नक्की कुणाचा?

फिर्यादीला वाटतं, सरकारी वकील आपला. पोलिसांना वाटतं, तो आपल्या केसचा माणूस. मंत्र्यांना वाटतं, पगार आपण देतो तर तो आपला. कायद्याचं उत्तर वेगळं आहे. सरकारी वकिलाचं काम शिक्षा ‘मिळवणं’ नाही, न्यायालयाला सत्यापर्यंत पोचायला मदत करणं आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही त्याने लपवायचा नसतो. तपास ढिसाळ असेल तर पोलिसांना ‘हे चालणार नाही’ म्हणायचं असतं. आणि सरकार खटला मागे घ्या म्हणालं तर स्वतःचं डोकं वापरून, गरज पडली तर ‘नाही’ म्हणायचं असतं.

आता मला सांगा, ज्याला पोलिसांना आणि सरकारला ‘नाही’ म्हणायचंय, त्याची खुर्ची कुणाच्या हाताखाली असावी? निदान पोलिसांच्या आणि सरकारच्या तरी नसावी, हे शाळकरी पोरगंही सांगेल.

महाराष्ट्रात काय झालं ते बघा. खालच्या कोर्टातले अभियोक्ते कित्येक वर्षं पोलीस खात्याच्याच ताब्यात होते. ‘पोलीस प्रॉसिक्यूटर’ हीच त्यांची ओळख. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोघांना वेगळं करायचं ठरवलं. आपल्या सरकारने काय केलं? त्याच पोलीस प्रॉसिक्यूटरांना एका अधिसूचनेने नवं पदनाम दिलं, पण ताबा पोलिसांकडेच ठेवला. शेवटी ही माणसं स्वतः कोर्टात गेली. १९९५मध्ये ‘एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला आदेश दिला : अभियोक्त्यांचा वेगळा संवर्ग करा, वेगळं खातं करा, त्याचा प्रमुख थेट सरकारला जबाबदार ठेवा.

हे नीट वाचा. सरकारी वकिलांचं स्वातंत्र्य कुणा मंत्र्याच्या उदारपणातून आलं नाही. ते सरकारी वकिलांनीच भांडून मिळवलं. मिळालं ते मात्र अर्धंच. आज अभियोग संचालनालय आहे, पण ते गृह विभागाखाली आहे. पोलीसही गृह विभागाखाली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम २०मध्ये, अभियोग संचालक गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली राहील असं लिहून ठेवलंय. सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहिणारा आणि तो तपासणारा एकाच मॅनेजरला रिपोर्ट करत असतील, आणि त्या मॅनेजरला फक्त रिलीजची तारीख गाठायची असेल, तर तपासणीचं काय होतं हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. तिथे फार तर ॲप बंद पडतं. इथे माणूस आत जातो, किंवा ज्याने आत जायला हवं तो गावात उजळ माथ्याने फिरतो.

सत्र न्यायालयात तर मजाच

खून, बलात्कार असे गंभीर खटले सत्र न्यायालयात चालतात. तिथला जिल्हा सरकारी वकील आणि त्याचे सहकारी विधी व न्याय विभागाकडून नेमले जातात, मुदतीवर. मूळ कायदा असा होता की जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टरने सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांची यादी करावी. कारण साधं आहे. कोणता वकील तयारी करून येतो आणि कोण तारखा मागतो, हे न्यायाधीशाला रोज दिसतं. महाराष्ट्राने १९८१मध्ये दुरुस्ती करून सत्र न्यायाधीशांचा सल्लाच काढून टाकला. त्याजागी शब्द घातले, ‘राज्य सरकारच्या मान्यतेने’. ज्याला काम दिसतं त्याला विचारायचं नाही, ज्याला पक्ष दिसतो त्याला विचारायचं. तेव्हा राज्यात काँग्रेसचं सरकार होतं. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं आली नि गेली, या सोयीच्या दुरुस्तीला कुणी हात लावला नाही. नव्या संहितेच्या मूळ मजकुरात सत्र न्यायाधीशांचा सल्ला पुन्हा आहे. त्यात १९८१सारखी पाचर पुन्हा मारली जाऊ नये, यावर लक्ष ठेवणं हे आपलं काम आहे.

या पद्धतीचा दुसरा तोटा कमी दिसतो. एपीपी एमपीएससीची परीक्षा देऊन येतो. जबाब कसा फिरतो, पंच कसा फितूर होतो, हे तो तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं शिकतो. पण सत्र न्यायालयातला मोठा भार मुदतीवर नेमलेल्या वकिलांवर. म्हणजे शिकलेल्याला वरची पायरी सहज मिळत नाही, आणि वरच्या पायरीवर बसलेल्याला ती किती दिवस टिकेल ठाऊक नाही. ज्याची नेमणूक सरकार बदललं की जाऊ शकते, त्याने सरकारला ‘नाही’ म्हणावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

दबाव ही कल्पना नाही. २००८च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून २०१५मध्ये जाहीरपणे सांगितलं की, खटल्यात मवाळ राहा असा निरोप एनआयएच्या अधिकाऱ्याकडून आपल्याला आला. एनआयएने ते नाकारलं. कोण खरं, हा वेगळा प्रश्न. पण अशा वेळी सरकारी वकिलाने तक्रार कुणाकडे करायची, याचं उत्तर आजही व्यवस्थेत नाही. त्याआधी २००४मध्ये बेस्ट बेकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सरकारी वकिलाच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढून खटला पुन्हा चालवायला महाराष्ट्रात पाठवला होता. फिर्यादीची बाजू मांडणाराच बचावाच्या वकिलासारखा वागला, तर न्यायाधीश कितीही चांगला असून काय उपयोग?

आणि निकम? त्यांच्या वकिलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण २०२४ची लोकसभा ते एका पक्षाकडून लढले, हरले, आणि काही दिवसांतच पुन्हा विशेष सरकारी वकील झाले. जुलै २०२५मध्ये ते राज्यसभेवर नामनियुक्त झाले. प्रश्न माणसाचा नाही. खटला चालवणारा आणि सत्ता चालवणारा यांच्यामधली भिंत आपल्याला इतकी बिनमहत्त्वाची वाटते, याचा आहे.

संघटना काय करते, आणि तिने काय करायला हवं

सरकारी वकिलांच्या संघटनांची निवेदनं वाचली तर मागण्या ओळखीच्या असतात. रिकामी पदं भरा, पदोन्नती द्या, लघुलेखक द्या, बसायला खोली द्या, सुरक्षा द्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, झालं, आणखी एक कर्मचारी संघटना. मला या मागण्या अजिबात क्षुल्लक वाटत नाहीत. एका एपीपीकडे दोन कोर्टांचा भार असेल, तर साक्षीदाराशी दहा मिनिटं बोलायलाही त्याला वेळ मिळत नाही. उमरखेडहून यवतमाळला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. वेचणीच्या दिवसांत एक मजुरी बुडवून, एसटीचे हाल सोसून साक्षीदार येतो आणि त्याला ‘पुढची तारीख’ मिळते. तिसऱ्या खेपेला तो येत नाही, किंवा आरोपीच्या गाडीतून येतो. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या बाईला आधी समजून घेतलं नाही, तर उलटतपासणीत तिच्या मराठीच्या चिंध्या होतात. लघुलेखक आणि खोली नसणं म्हणजे हेच सगळं.

पण संघटनेने इथे थांबू नये. १९९०मध्ये हवानाला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत अभियोक्त्यांच्या भूमिकेबद्दल तत्त्वं मान्य झाली. त्यात अभियोक्त्यांना संघटना करण्याचा हक्क आहे, आणि तो तीन कामांसाठी आहे : हितसंबंध मांडणं, प्रशिक्षण वाढवणं आणि दर्जाचं रक्षण करणं. पहिलं काम आपल्याकडे होतं. तिसरं सुरू झालं ते शहाण्यांच्या खटल्याने, आणि तिथेच अडकलं. मंत्र्यांच्या हस्ते सत्कार घेणारी संघटना मंत्र्यांच्या नेमणुकांवर बोलणार कधी? इंग्लंडमध्येही खटले पोलीसच चालवायचे. तिथे १९८५मध्ये कायदा झाला आणि १९८६पासून क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस पोलिसांपासून वेगळी उभी राहिली. हे इथे का होऊ शकत नाही, हा प्रश्न सगळ्यात आधी आपल्या अभियोक्त्यांनी विचारायला हवा.

आणखी एका गोष्टीवर त्यांनी ठाम उभं राहायला हवं. २०१४मध्ये किशनभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणं तपासा, चूक करणाऱ्यावर जबाबदारी टाका, असं राज्यांना सांगितलं. हेतू चांगला. पण व्यवहारात अशा आदेशांचा टक्का होतो, आणि मग बैठकीत विचारलं जातं, ‘तुमचा दोषसिद्धीचा दर किती?’ आकड्यावर माणसं मोजायला लागलात की माणसं आकडा सुधारतात, काम नाही. किरकोळ खटल्यांत गुन्हा कबूल करून घ्यायचा, दंड भरून निकाल लावायचा, टक्का वर. अवघड खटला मागे ढकलायचा. चुकीचा माणूस पकडलाय हे ओळखून ‘याला सोडा’ म्हणणारा प्रामाणिक अभियोक्ता या तक्त्यात नापास ठरतो.

कुणी म्हणेल, इतकं स्वातंत्र्य दिलं तर यांना विचारणार कोण? योग्य शंका आहे. उत्तर ‘गृह विभाग’ हे नाही, उत्तर आहे ‘उघडपणा’. खटला मागे घेताना कारणं लेखी आणि जाहीर असावीत. नव्या संहितेच्या कलम ३६०मध्ये खटला मागे घेण्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकणं बंधनकारक केलंय, ही चांगली सुरुवात आहे. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असं २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बजावलंय. हाच मार्ग पुढे न्यायचा.

आणि मनात आणलं तर हे सगळं जमतं. कोळसा घोटाळ्याच्या खटल्यांसाठी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः निवडून आर. एस. चीमा यांना विशेष सरकारी वकील नेमलं होतं. त्यातल्याच एका खटल्यात जुलै २०२३मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या कंपनीचं नाव होतं जेएलडी यवतमाळ एनर्जी. यवतमाळचं नाव असलेल्या कंपनीसाठी दिल्लीत वकील निवडताना एवढी काळजी. यवतमाळच्या माणसासाठी यवतमाळात का नाही?

फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप असेल तर एखादा फौजदारी खटला उघडून बघा. आरोपीच्या वकिलाचं नाव दिसेल. सरकारच्या बाजूला अनेकदा नावच नसतं, नुसतं ‘ए.पी.पी.’ असतं. आपणही त्याला तेवढंच ओळखतो. पुढच्या मोर्चाच्या निवेदनात चौथी मागणी टाका. त्याआधी दहा रुपये भरून माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा : आपल्या जिल्ह्यात सरकारी अभियोक्त्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि सत्र न्यायालयातल्या सध्याच्या सरकारी वकिलांच्या नेमणुकीआधी सत्र न्यायाधीशांचा सल्ला घेतला होता का. उत्तर आलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तालुक्याच्या वार्ताहराला द्या, आणि एक प्रत सरकारी वकिलांच्या संघटनेलाही पाठवा. लोक आपल्या बाजूने विचारतायत हे त्यांनाही कळू द्या.