सही जुळली, पण कोणाची?

लातूरच्या एका शाखेत मी पासिंग ऑफिसर होतो, तेव्हाची गोष्ट. दोन सख्खे भाऊ आमचे खातेदार. गुरुजी एकच, त्यामुळे अक्षराचे वळणही एकच. थोरल्याच्या खात्याचा चेक धाकट्याने सही ठोकून आणला, मी स्पेसिमेन कार्डाशी ताडून पाहिला आणि पास केला! पुढचा महिना कसा गेला ते सांगत नाही.

हे आठवले पुतणीमुळे. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झाले, तिथे ती जैवतंत्रज्ञान शिकते. पेशीतले नको असलेले प्रथिन मोडीत काढायचे तर आधी त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवावी लागते. या शोधाला २००४ चे नोबेल मिळाले. चिठ्ठी वाहून आणणारी विकरे म्हणजे ‘ई-टू’. माणसात ती चाळीसच्या आसपास. त्यातले एकच हेरायचे तर प्रतिपिंड लागते. बहुधा सशाला त्या प्रथिनाचा तुकडा टोचून ते मिळवतात. घोणस-फुरशाचे विष घोड्याला टोचून सर्पदंशावरची लस करतात, तसेच.

“पण काका, ‘यूबीई-टू-डी-टू’ आणि ‘डी-थ्री’ जुळी भावंडंच आहेत,” ती म्हणाली. दोघांत १४७ अमिनो आम्ले, फरक मोजक्याच जागी. वजनही सारखे, त्यामुळे चाचणीत दोघांचा पट्टा एकाच उंचीवर उमटतो. बाटलीवर ‘डी-थ्री’ छापले आहे म्हणून दिसला तो ‘डी-थ्री’च, असे कसे म्हणावे? शिवाय ससा बदलला की प्रतिपिंडही थोडे बदलते. २०१५ साली शंभरावर शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून याच गोंधळाबद्दल तक्रार केली होती.

खात्रीचा एक मार्ग आहे. ज्या पेशीतून ‘डी-थ्री’चे जनुकच काढून टाकले आहे, तिच्यावर तेच प्रतिपिंड वापरायचे. पट्टा तरीही उमटला, तर प्रतिपिंड दुसऱ्याच कोणाला ओळखते आहे.

अशा पेशी विकत मिळतात, पण स्वस्त नाहीत. बाटलीचे पैसे मंजूर करताना पडताळणीचा खर्च ‘अनावश्यक’ म्हणून कापणे मला तरी समजत नाही. मूळ प्रतिपिंडच चुकले, तर पोरीची दोन वर्षे आणि तिच्या निष्कर्षावर पुढे काम करणाऱ्यांचीही वर्षे पाण्यात. नांदेड-लातूरच्या मुलांच्या शोधनिबंधाला परीक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: प्रतिपिंड तपासले होते का, आणि कशावर? आणि तो विचारण्याआधी विद्यापीठाने त्या तपासणीचे पैसे दिलेले असावेत.