ओटीवरच्या गोष्टी : नित्य आणि नैमित्तिक

आमचा धाकटा नातू पुण्यास महाविद्यालयात शिकतो. २०२५ सालच्या आश्विनात, दिवाळीच्या सुट्टीकरिता तो पारनेरास आला, तो तोंड पाडूनच. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात उत्साह नाही. परीक्षेत काही कमीजास्त झाले की काय, या शंकेने घरातील मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी त्याच्या आजीने खोदखोदून विचारले, तेव्हा कळले की, चिरंजीवांच्या दुःखाचे कारण अगदीच निराळे होते. इंग्लंडातील लिव्हरपूल नावाच्या फुटबॉल संघावर त्याची भक्ती आहे. शनिवारी किंवा रविवारी त्या संघाचा सामना पाहावयाचा, हा त्याचा शाळेपासूनचा नेम. त्या पंधरवड्यात सामना नव्हता. कारण संघातील खेळाडू आपापल्या देशाकडून खेळण्यासाठी निरनिराळ्या खंडांत पांगले होते!

या खेळाची जागतिक संस्था जी फिफा, तिने वर्षाचे एक पंचांगच करून ठेविले आहे. त्यात नेमलेल्या दिवसांत प्रत्येक क्लबाने आपले खेळाडू त्यांच्या त्यांच्या देशाच्या स्वाधीन केले पाहिजेत, असा नियम आहे. आम्ही म्हणालो, ‘‘अरे, देशासाठी खेळावयास गेले, ही तर आनंदाची गोष्ट. त्यात तोंड पाडण्यासारखे काय आहे?’’

तो म्हणाला, ‘‘आजोबा, तुम्हाला ते कळायचे नाही. आमचा एखादा खेळाडू तिकडे पाय दुखावून घेतो आणि मग वर्षभर आम्ही भोगतो.’’

‘आमचा’ हा शब्द त्याने इतक्या सहजतेने उच्चारला की, आम्ही थक्क झालो. लिव्हरपूल शहर त्याने नकाशाखेरीज कोठेही पाहिलेले नाही. चार दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली की, १४ ऑक्टोबर रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा संघ सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेचे दार आपल्याला बंद झाले. आमच्या थोरल्या चिरंजीवांनी ती मोठ्याने वाचून दाखविली. नातवाने ऐकली, ‘‘होणारच होते ते,’’ असे म्हणाला, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. असा सामना आदल्या दिवशी होता, हेही त्याच्या ध्यानात नव्हते. मग ओटीवर जो वाद पेटला, तो दिवेलागणीपर्यंत विझला नाही. थोरल्यांचे म्हणणे, देश आधी आणि बाकी सर्व मागून. नातवाचे म्हणणे, जो संघ वर्षाकाठी चार-सहा वेळा आठ-दहा दिवसांकरिता गोळा होतो, त्याच्यावर प्रेम बसावयाचे तरी कसे? आपला क्लब दर आठवड्यास भेटतो. त्याची सुखदुःखे अंगवळणी पडतात.

वाचकहो, रागाचा भर ओसरल्यावर आम्ही या वादाचा शांतपणे विचार केला. आमच्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. संध्यावंदन हे नित्य; ग्रहणातील स्नान हे नैमित्तिक. नित्य कर्म केल्याने काही विशेष फळ पदरात पडते असे नाही. न केल्यास मात्र दोष लागतो. नैमित्तिकाचे तसे नाही. निमित्त उभे राहिले म्हणजेच ते करावयाचे. पण त्या दिवशी सारे घर, किंबहुना सारा गाव, एकत्र येतो. आमच्या मते क्लबावरील प्रेम हे नित्य होय आणि देशाच्या संघावरील प्रेम हे नैमित्तिक होय. दोन्ही खरी, परंतु दोहोंची जात वेगळी. नातवाचे इतके म्हणणे आम्हास मान्य करावे लागले की, माणसाच्या मनाला वळण लागते ते नित्यानेच.

याचा दाखला पाहावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठापेठांतील तालमींच्या नावांनी खेळतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तेथील पोराटोरांच्या जिभेवर असतात. जेथे पूर्वी मल्ल घुमले, त्याच तालमींच्या नावाने आज चेंडू खेळला जातो आणि शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठेतील म्हातारेकोतारेही जाऊन बसतात. विश्वचषकाच्या दिवसांत याच गावात ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या भक्तांचे पंथ पडतात, हेही खरे. पण ते पाहुण्या देवाचे उत्सव. उत्सव सरला की, जो तो आपल्या तालमीकडे वळतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या गावी नित्य चुकत नाही, त्या गावातून नैमित्तिकासही माणूस मिळतो.

नित्य प्रेमाला एक दोषही आहे. ते फार लवकर रुसते. २०२४ च्या आय.पी.एल. स्पर्धेपूर्वी मुंबई इंडियन्सचे नायकपद रोहित शर्माकडून काढून हार्दिक पंड्याकडे देण्यात आले. एप्रिलमध्ये वानखेडे मैदानावर मुंबईकरांनी आपल्याच संघाच्या या नव्या नायकाची हुर्यो उडविली. पुढे २९ जून रोजी बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक त्यानेच टाकून भारताचा विजय निश्चित केला. आणि ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर त्याच लोकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला. पेठेतील भांडण देशाच्या निमित्ताने मिटते, हा नैमित्तिकाचा मोठाच उपकार म्हणावयाचा.

मग आमच्या नातवाचे चुकते कोठे? लिव्हरपूलवर प्रेम करण्यात तर खास नाही. तो क्लब १८९२ साली स्थापन झाला आणि त्या शहराच्या सुखदुःखाशी तो जडून गेलेला आहे. १९८९ साली शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन त्याचे ९७ चाहते प्राणास मुकले. दोष चाहत्यांच्याच माथी मारला गेला, तेव्हा मृतांच्या आप्तांनी २७ वर्षे लढा देऊन २०१६ साली पंचांकडून सत्य वदविले. असे प्रेम दूरदर्शन संचावरून निर्माण होत नाही. शेजारी शेजाऱ्याच्या खांद्याशी खांदा लावून जेथे वर्षानुवर्षे उभा राहतो, तेथेच ते उपजते. आमची मुले त्या प्रेमाचे फळ चाखतात; पण ते झाड आपल्या अंगणात लावावयाचे मात्र त्यांच्या मनात येत नाही.

हीच गोष्ट भारताचा नायक सुनील छेत्री याने २०१८ साली हात जोडून सांगितली. १ जून रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५-० असा धुव्वा उडविला. छेत्रीने स्वतः ३ गोल केले. पाहावयास माणसे किती? अवघी २,५६९! कोट्यवधींच्या वस्तीच्या त्या शहरात एवढेच लोक देशाचा खेळ पाहावयास आले. दुसऱ्या दिवशी छेत्रीने ध्वनिचित्रफितीद्वारे लोकांस विनविले. युरोपातील क्लबांवर प्रेम करणाऱ्यांना त्याने विशेष करून उद्देशून सांगितले की, आमचा खेळ त्यांच्या तोडीचा नाही हे आम्ही जाणतो. तरी या, हसा, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. त्याच्या बोलण्यात दर्प नव्हता, की देशभक्तीचा धाक नव्हता. ४ जून रोजी केनियाविरुद्धच्या सामन्याची सारी तिकिटे संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. धो धो पाऊस कोसळत असताही लोक जागचे हलले नाहीत आणि भारताने ३-० असा विजय मिळविला.

हे सर्व आम्ही नातवास मोठ्या आवेशाने सांगितले. ‘अंधेरीस पावसात भिजणारे ते खरे, आणि तू खाटेवर पडून परक्यांचा खेळ पाहणारा’, असेही बोलून गेलो. त्याने निमूटपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘‘आजोबा, आपल्या गावातल्या शाळेच्या मैदानावर खेळ पाहायला तुम्ही शेवटचे केव्हा गेला होतात?’’

त्यावर आम्हास उत्तर सुचेना. उलट एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती येथे सांगितल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. १३ मार्च १९९६ चा दिवस. आम्ही तेव्हा शाळेत शिक्षक होतो. त्या दुपारी कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध श्रीलंका. त्याच दिवशी चार वाजता आमच्या शाळेच्या मुलांचा शेजारच्या गावाशी खो-खोचा सामना ठरला होता. आमच्या वर्गातील एक मुलगा त्या संघाचा पुढारी. तो दुपारी दाराशी येऊन म्हणाला, ‘‘गुरुजी, तुम्ही याल ना?’’ आम्ही ‘येतो’ म्हणालो, आणि संचासमोरून उठलो नाही. रात्री भारताचे ८ गडी १२० धावांत गारद झाले. लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लाविल्या, आणि सामनाधिकाऱ्यांनी सामना श्रीलंकेस बहाल केला. दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलेल्या चेहऱ्याने वर्गात गेलो. तो मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, आम्ही एका गड्याने जिंकलो. तुम्ही आला नाहीत.’’ त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते.

देशाचा पराभव आम्हास रात्रभर डाचला. आणि आमच्याच हाताखालच्या मुलांचा विजय आम्ही पाहिलाही नाही. नातू लिव्हरपूलकरिता जे करतो, तेच आम्ही भारताच्या नावाखाली केले होते. देशाचे नाव मोठे, एवढ्यावरून आमची चूक लहान होत नाही.

आमच्या या पारनेरात १८८० साली पांडुरंग महादेव बापट जन्मास आले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांस सेनापती म्हणू लागला. विलायतेस जाऊन क्रांतिकार्याची दीक्षा घेतलेला हा पुरुष गावी परत आल्यावर हाती झाडू घेऊन गल्ल्या झाडीत असे; आणि त्यांनी १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनींकरिता सत्याग्रह केला. देश एवढा मोठा, म्हणून गल्ली क्षुद्र, असे त्यांस कधी वाटले नाही. नित्य आणि नैमित्तिक यांचा मेळ कसा घालावा, हे आम्हास गावातच शिकता आले असते.

दिवाळीपूर्वीच्या रविवारी नातू आणि आम्ही दोघे शाळेच्या मैदानावर गेलो. दहा-बारा मुले चेंडू खेळत होती. आम्ही बांधावर टेकलो. एका मुलाने धावत येऊन विचारले, ‘‘गुरुजी, तुम्ही कोणाकडून?’’ आम्ही म्हणालो, ‘‘दोघांकडूनही.’’ ते त्यास मुळीच पसंत पडले नाही. पाहणाऱ्याने एक बाजू घेतलीच पाहिजे, असा त्याचा आग्रह. तेव्हा जे हरत होते, त्यांची बाजू आम्ही घेतली. ते शेवटी हरलेच.

रात्री नातवाने लिव्हरपूलचा सामना पाहिला. या खेपेस आम्हीही त्याच्या शेजारी बसलो होतो. वाचकांच्या घरीही अशी मुले असतील. त्यांच्या दूरच्या प्रेमाचा उपहास करू नये; त्यांस हाताशी धरून जवळच्या मैदानावर एकदा न्यावे. मात्र न्यावयाचे तर आपणही बरोबर गेले पाहिजे.