ठळक छापलेला आकडा म्हणजे आजार नव्हे

‘टीएसएच ५.८ आलंय, म्हणजे थायरॉइड झाला. आता जन्मभर गोळी.’ लॅबच्या काउंटरपासून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत हा निकाल बिनदिक्कत दिला जातो, आणि तो चुकीचा आहे.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, बनतं मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीत. रक्तातलं टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, जरासं घटलं तरी टीएसएच कितीतरी पट वाढतं. रात्री चढतं, दुपारी उतरतं. मोठ्या दुखण्यातून उठताना काही काळ वाढलेलंही असतं. शिवाय ‘नॉर्मल’ची मर्यादा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे अडीच टक्के धडधाकट माणसं त्या रेषेच्या वर असणारच. उतारवयात त्याहून जास्त, कारण वयाबरोबर टीएसएच थोडं वाढतंच.

‘गोळी साधी आहे, घेतली तर बिघडलं कुठे?’ हा युक्तिवाद सर्वांत मोहक, म्हणून घातकही. युरोपातल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत टीएसएच किंचित वाढलेले, पासष्टी गाठलेले ७३७ जण होते. सुमारे निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉइडची गोळी, दिली, बाकीच्यांना औषध नसलेली तशीच गोळी. २०१७ साली निष्कर्ष आले: औषधाने आकडा उतरला, पण वर्षभरानंतरही थकव्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. उलट डोस जास्त झाला तर म्हातारपणी हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं विरळ होतात. आणि थकव्याचं खरं कारण, मग तो रक्तक्षय असो की अपुरी झोप, शोधायचं राहूनच जातं.

मग रिपोर्ट बाजूला ठेवून लक्षणांवरच जावं? मुळीच नाही. टीएसएच दहाच्या वर टिकून असेल, फ्री टी४ (रक्तात मोकळं असलेलं टी४) घटलेलं असेल किंवा गरोदरपणात टीएसएच वाढलं असेल, तर चालढकल नको. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन जिची पीयूषिकाच निकामी झाली, तिची गोष्ट तर याहून वाईट. अंगात त्राण नसतं आणि टीएसएच नॉर्मल दिसू शकतं. फ्री टी४ पाहिल्याशिवाय तिचा आजार सापडत नाही. एकटं टीएसएच वाचणाऱ्यांनी या बाईचा विचार करावा.

टीएसएच थोडंसंच वाढलं असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिन्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी, फ्री टी४सह पुन्हा तपासा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटंच कमी दिसतं. आणि ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून ती स्वतःहून बंद करू नये.